खिडक्या नसलेलं दालन

नाशिकमध्ये 'लॉज' म्हटलं की सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, आसपासच्या पाट्या आठवतात. इथे विषय दुसऱ्या लॉजचा आहे, फ्रीमेसन (गवंड्याच्या हत्यारांना प्रतीक मानणारा, आपले विधी गुप्त ठेवणारा बंधुसंघ) आणि त्यांच्यासारख्या बंधुसंघांच्या इमारतींचा. उत्तर हिंदुस्थानात लोक या इमारतींना 'जादूघर' म्हणत. मूळ शब्दात जादू काहीच नाही. युरोपात मोठ्या चर्चचं बांधकाम चालू असताना पाथरवटांना बसायला, हत्यारं ठेवायला भिंतीला टेकून जी छपरी घालत, ती लॉज. आपल्या गवंड्याच्या पिशवीतला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा हीच तिथल्या तीन मुख्य अधिकाऱ्यांची चिन्हं: अध्यक्षाचा गुण्या, सीनियर वॉर्डनची पाणसळ, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा.

या वास्तूबद्दल बरंच लिहिलं जातं ते चिन्हांच्या अंगाने. बांधकामाच्या अंगाने पाहिलं तर तिची गोष्ट एका वाक्यात सांगता येते: जे तिला लॉज बनवतं तेच आपल्या हवेत तिला कुजवतं. दालन बंद हवं, आतलं दिसू नये, ऐकू येऊ नये, ही तिची पहिली अट. आणि नाशिकचा पावसाळा अशा बंद खोलीला सोडत नाही.

आधी नकाशा. लंडनमध्ये २४ जून १७१७ ला पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, स्थापन झालं ते एका मद्यालयात, आणि पुढची कित्येक वर्षं बैठका अशाच भाड्याच्या खोल्यांत होत. जमिनीवर खडूने आकृत्या काढायच्या, काम संपलं की ओल्या फडक्याने पुसून टाकायच्या. नंतर रंगवलेलं कापड आलं, मग लाकडी फलक आले, आणि फक्त याच कामासाठी बांधलेलं लंडनचं पहिलं फ्रीमेसन्स हॉल उघडलं ते १७७६ ला. म्हणजे नकाशा आधी पक्का झाला आणि भिंती मागाहून आल्या. त्यामुळे बाहेरून देऊळवजा खांबांची दर्शनी बाजू असो की साधा कौलारू बंगला, आतलं दालन ओळखू येतं. भारतात हा नकाशा कंपनीच्या बंदरांतून आणि मग छावण्यांबरोबर पसरला. मुंबईत १७५८ मध्ये लॉज होतं. भारतीयांना प्रवेश देण्यासाठी मुंबईतच १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' निघालं. भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ चं. इथल्या दालनात धर्मग्रंथ एक नसतो, वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी-शेजारी मांडलेले असतात. त्यामुळे त्यांचं मेज विलायती नमुन्यापेक्षा रुंद करावं लागतं. जुनं अरुंद मेज आणि त्याला मागाहून जोडलेल्या फळ्या दिसल्या तर कारण बहुधा हेच.

दालन लांबट, शक्यतो रुंदीच्या दुप्पट लांब. हिशोबासाठी २० फूट बाय ४० फूट धरू. लांबी पूर्व-पश्चिम. अध्यक्ष पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून, ३ पायऱ्यांच्या चौथऱ्यावर. सीनियर वॉर्डन समोर पश्चिमेला २ पायऱ्यांवर. ज्युनियर वॉर्डन दक्षिणेच्या भिंतीच्या मध्यावर, १ पायरी. उत्तरेला या तिघांपैकी कोणीच नाही. सभासद उत्तर-दक्षिण भिंतींना लागून बाकांवर, मधली जमीन मोकळी. दार पश्चिमेच्या भिंतीत. पूर्वाभिमुख देवळाशी ताडून पाहा: तिथे आपण पूर्वेकडून आत जातो आणि देव पश्चिमेला. इथे सगळं उलटं, चर्चसारखं. प्लॉट आडवा असेल तर खरी पूर्व सोडून देतात आणि अध्यक्ष बसतो ती पूर्व मानतात. म्हणून जुन्या इमारतीचं मोजमाप घेताना होकायंत्राची दिशा आणि विधीतली दिशा अशा दोन्ही नकाशावर लिहाव्यात. नाहीतर 'उत्तरेची भिंत ओली' या एका वाक्यावरून महिनाभर वाद होतात.

खुर्च्या हलवल्या असतील तर खांबांच्या माथ्यांवरून ओळखता येतं. अध्यक्षाकडे आयोनिक, म्हणजे दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणं. सीनियर वॉर्डनकडे साधा डोरिक, ज्युनियरकडे पानापानांचा कोरिंथियन. विक्रीला काढलेल्या फर्निचरमध्ये या तीन खुर्च्या 'राजेशाही सेट' म्हणून खपवतात. तीनही माथे वेगवेगळे असतील तर त्या मूळच्या एकाच दालनातल्या असण्याची शक्यता जास्त.

पश्चिमेच्या दाराजवळचे दोन खांब, बोआझ आणि जाखिन, हे सॉलोमनच्या मंदिरावरून आले. बायबलमध्ये एका ठिकाणी त्यांची उंची १८ हात दिली आहे, दुसऱ्या ठिकाणी ३५. साध्या दालनात १८ हातसुद्धा मावत नाहीत, म्हणून ते ७-८ फुटांचे, आत पोकळ, लाकडी पट्ट्या जोडून केलेले असतात आणि माथ्यावर गोल. पोकळ लाकडी खांब खालून कुजतो, कारण जमिनीची ओल आत चढते आणि बाहेर पडायला वाट नसते. खांबाच्या बैठकीत ८-१० मिलिमीटरची ४ भोकं आणि माथ्याच्या आत तेवढीच, एवढं पुरतं. जुन्या सुतारांनी ती ठेवलेली असतात आणि नंतरचे रंगारी लांबी (पुट्टी) भरून बुजवतात.

दाराबाहेरची व्यवस्था आपल्याला वाड्यावरून लगेच समजते. वाड्याच्या दरवाजाच्या दोन्ही अंगांना देवड्या, तिथे पहारेकरी, आणि मोठ्या कवाडात एक लहान दिंडी दरवाजा. लॉजमध्ये बाहेरच्या दाराशी तलवार घेऊन टायलर बसतो, त्याची खोली म्हणजे देवडीच. आतल्या बाजूला दुसरा राखणदार. दोन दारांमध्ये निदान ५ फुटांची मोकळी खोली लागते, म्हणजे एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायची गरज पडत नाही. शेजारी नव्या उमेदवाराच्या तयारीची खोली, तिचं वेगळं दार सरळ दालनात. अमेरिकेतल्या ऑडफेलोंच्या (हाही असाच एक बंधुसंघ) दालनांत दाराला डोळ्याएवढं झाकणदार भोक असतं. ही मंडळी खाली दुकानं भाड्याने देत आणि वरच्या मजल्यावर बैठक भरवत. (जुन्या ऑडफेलो इमारती दुरुस्त करताना भिंतीतून सांगाडा निघाल्याच्या बातम्या तिकडे अधूनमधून येतात. मृत्यूची आठवण म्हणून तो विधीत वापरत. पोलिसांना बोलावून झाल्यावर हे कळतं.)

नाशिकच्या गुप्त मंडळींना एवढं काही लागलं नाही. मित्रमेळा आणि त्यातून १९०४ मध्ये झालेली अभिनव भारत ही तीळभांडेश्वर गल्लीतली. दाट वस्तीतला वाडा, भिंतीच्या जाडीतून चढणारा एकमाणशी जिना आणि वरून पाडता येणारी झडप, एवढ्यावर वाड्याची कुठलीही माडी गुप्त बैठकीची खोली होते. फरक हवेचा आहे. वाड्याला चौक असतो, भोवतीचे चारही सोपे त्यातून श्वास घेतात. लॉजला चौक नाही, आणि बाहेरच्या भिंतीतल्या खिडक्याही बऱ्याचदा खोट्या: बाहेरून चौकट, कमान, झडपा, आणि मागे भरीव भिंत. दर्शनी बाजूची समतोल रचना सांभाळायची आणि आत कोणाला डोकावू द्यायचं नाही, यावरचा तो तोडगा. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. खोट्या खिडकीमागे जिथे पोकळ आवाज येतो तिथे भिंत कमी जाडीची आहे, आणि ओल आधी तिथेच दिसेल.

आता पावसाची दिशा. आपल्याकडे झड येते ती पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून. जुनी घरं त्या बाजूला पडवी पुढे काढतात, ताट्या बांधतात. लॉजचं दार नेमकं त्याच बाजूला. पोर्च ८ फुटांपेक्षा कमी खोल असेल तर जुलैत पाणी उंबऱ्याला लागतंच आणि चौकटीचे पाय कुजतात. देवळालीच्या जुन्या बंगल्यांचे व्हरांडे पाहिले की किती खोली लागते याचा अंदाज येतो. उत्तरेची गंमत वेगळी. लॉजच्या प्रतीकांत उत्तर ही अंधाराची दिशा, कारण इंग्लंडात दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. साधारण २१ मे ते २३ जुलै या काळात आपला मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, शून्य सावलीचा दिवस आपण याच हिशोबाने पाहतो. पण त्या दोन महिन्यांतला निम्म्याहून जास्त काळ ढगांचा, त्यामुळे उत्तर भिंतीला त्या उन्हाचा उपयोग होत नाही आणि पुढे हिवाळाभर ती सावलीत. प्रतीक इंग्लंडचं, ओल आपली, निकाल एकच: बुरशी पहिल्यांदा उत्तरेच्या बाकांच्या पाठीमागे येते. बाक भिंतीपासून ३ इंच पुढे ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आतलं पाणी लोक विसरतात. स्वस्थ बसलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ते ६० ग्रॅम पाणी सोडतो. ५० माणसं ३ तास बसली तर ६ ते ९ लिटर, आणि तेही बंद दालनात. वर निळ्या तैलरंगाची, तारे काढलेली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत. तैलरंग वाफ जाऊ देत नाही, म्हणून फळीच्या सांध्यांशी फोड येतात आणि तारे पापुद्र्यांसकट खाली पडतात. जुन्या बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. छताच्या मधोमध दिव्याभोवती जे मोठं नक्षीचं फूल असतं ते अनेकदा जाळीदार असतं. दालनातली गरम हवा त्यातून माळ्यावर आणि माळ्यावरून आढ्याशी बाहेर पडते. ते फूल रंगाच्या थरांनी किंवा मागून चिकटवलेल्या पत्र्याने बुजलेलं आहे का, हे सगळ्यात आधी पाहायचं. माळ्याला लागणारी हवेची वाट मोजायला जुना ठोकताळा बरा: छताच्या क्षेत्रफळाचा १५०वा भाग. २० बाय ४० म्हणजे ८०० चौरस फूट, म्हणून सव्वापाच चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा. निम्मी वळचणीला, निम्मी आढ्याजवळ किंवा दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतल्या जाळ्यांत. कबुतरांसाठी जाळी लावली की मोकळी जागा कमी होते, ती धरून भोक मोठं करायचं. एकही नवी खिडकी न फोडता एवढ्याने दालन वर्षभरात वाळलेलं जाणवतं.

छप्पर मंगलोरी कौलांचं असेल तर हिशोब असा. २० फुटांचा गाळा, दोन्हीकडे २-२ फूट वळचण, दोन टोकांना तेवढंच बाहेर, उतार ३० अंश. उतारावरचं क्षेत्रफळ १२२० चौरस फुटांच्या घरात, म्हणजे ११३ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १५ कौलं धरली तर १७००, फुटतूट धरून १८००. आढ्यावरची ४० वेगळी. वजन सव्वाचार टनांच्या आसपास, आणि पावसात कौल पाणी पितं तेव्हा त्याहून जास्त. हे वजन काढून पत्रा टाकायचा मोह सगळ्यांना होतो. पत्र्याखाली पहाटे दव धरतं आणि तक्तपोशीवर टपकतं, पावसाच्या आवाजात सभा घेता येत नाही, आणि हलकं झालेलं छप्पर मेच्या वावटळीत उचललं जातं, कारण जुन्या कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी) भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. कौलंच ठेवावीत आणि दर मेमध्ये शाकारणी करावी. सरकलेली कौलं बसवायची, कौलांखालच्या रिपांमधलं अंतर जुन्याइतकंच ठेवायचं. नवी कौलं वेगळ्या कारखान्याची असली तर खाचा जुळत नाहीत. ती एका पाख्यावर सलग लावावीत आणि तिथली जुनी कौलं दुसऱ्या पाख्याच्या दुरुस्तीला ठेवावीत.

तक्तपोशीमुळे गळती उशिरा कळते. माळ्यावर जायची झडप बहुधा तयारीच्या खोलीच्या वर असते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बॅटरी घेऊन तिथून चढायचं आणि कैचीची टोकं पाहायची, जिथे तुळई भिंतीत शिरते. लाकूड मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा, हा नेहमीचा प्रकार. टोच्या एक सेंटिमीटरपेक्षा जास्त सहज आत गेला तर टोक गेलं. तुळई पूर्ण बदलायची गरज नसते. खाली टेकू देऊन कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी लांबीचा तिरका सांधा घेऊन वाळलेल्या सागवानाचा तुकडा जोडायचा, बोल्ट मारायचे. भिंतीत परत बसवताना तिन्ही बाजूंनी इंचभर पोकळी सोडायची. पुन्हा चुन्यात घट्ट चिणलं तर आपणच पुढची कूज पेरली.

वाळवी लॉजमध्ये दोन ठिकाणी हमखास: अध्यक्षाच्या चौथऱ्याच्या आत, कारण लाकडी पायऱ्यांखाली अंधार आणि माती, आणि जुन्या दफ्तराच्या कपाटामागे. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचं भोक, प्रत्येकात औषधाचं पाणी जिरेपर्यंत, जास्तीत जास्त १ लिटर, मग भोक बुजवायचं. काळ्या-पांढऱ्या फरशीत भोक पाडू नये, सांध्यात पाडावं. चौथऱ्याच्या पाठीमागे एक उघडती फळी ठेवली की दरवर्षी आत डोकावता येतं.

फरशी हा दालनाचा दागिना, आणि तिथल्या चुका सगळ्यात महागात पडतात. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पट पाडताना त्यांची संख्या दोन्ही बाजूंनी विषम हवी. तरच चारही कोपरे एका रंगाचे येतात आणि फरशीच्या मधोमध काढायच्या ताऱ्यासाठी बरोबर मधला चौकोन मिळतो. फूटभराचे चौकोन धरून १३ बाय २५ म्हणजे ३२५: एका रंगाचे १६३, दुसऱ्याचे १६२. भोवती त्रिकोणी दातांची किनार. काम मध्यापासून सुरू करायचं, भिंतीपासून नाही. जुनी भिंत काटकोनात क्वचितच असते आणि तिचा तिरकेपणा शेवटच्या ओळीत दिसतो. तो किनारीबाहेरच्या साध्या पट्टीत लपवायचा.

पांढरा संगमरवर मऊ, काळा बेसाल्ट कठीण. वर्षानुवर्षांच्या चालीने पांढरे चौकोन आधी झिजतात आणि काळ्यांच्या कडा उघड्या पडून पायाला लागतात. मग कोणीतरी पॉलिशचं मशीन आणतं. मशीन मऊ दगड आणखी वेगाने खातं आणि खड्डे वाढतात. उंचावलेल्या काळ्यांच्या कडा हाताने घासणं एवढंच करावं. फुटलेल्या काळ्याच्या जागी कडप्पा बसवू नये. तो मुळात चुनखडीच्या जातीचा, काही वर्षांत राखाडी पडतो आणि पटावर डाग दिसतो. काळा पाषाण आपल्याकडे जागोजागी आहे, काळारामाचं अख्खं देऊळ त्यातच उभं आहे. संडास धुवायचं आम्ल या फरशीवर एकदा जरी पडलं तरी पांढऱ्याची चकाकी कायमची जाते.

भिंतींचा लोणा नेहमी खालून येतो, आणि नाशिकात त्याचं कारण बहुतेक वेळा रस्ता असतो. दरवेळी डांबराचा नवा थर, आणि २ फुटांचं जोतं हळूहळू ६ इंचांवर येतं. जोत्याभोवतीची माती खाली उतरवून पाणी इमारतीपासून दूर जाईल असा ४० ला १ उतार द्यायचा. मग आतला सिमेंटचा गिलावा, ओलीच्या रेषेच्या वर ३ फुटांपर्यंत, काढून टाकायचा आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवायची. घाई इथेच नडते. दुसऱ्याच आठवड्यात पीओपी मारली की ती ओल शोषून दिवाळीपर्यंत फुगते. चुना भिजवून निदान १५ दिवस, जमलं तर ३ महिने मुरवायचा. १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू, १२ मिलिमीटरचा थर आणि वर ६ मिलिमीटरचा बारीक हात. काम ऑक्टोबर ते जानेवारीत. एप्रिलच्या वाऱ्यात तो वरवर सुकतो आणि बोटाने खरवडला जातो. रोज २-३ वेळा पाणी शिंपडून निदान आठवडाभर ओला ठेवायचा. वर चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नाही.

अशी दालनं वाचनालय किंवा व्याख्यानाला देताना पहिली मागणी खिडक्यांची येते. ती नाकारावी. उजेड हवा तर टायलरच्या आणि जेवणाच्या खोलीला द्यावा. दालनातला गालिचा आणि पडदे काढले की घुमायला लागतं, म्हणून ते आधी काढू नयेत. जुनी लाकडी केसिंग-कॅपिंगमधली कापडी वायर मात्र त्याच दिवशी बंद करावी. एक बदल टाळता येत नाही: दोन्ही दारं एकाच भिंतीत, पश्चिमेला, आणि बहुतेकदा आत उघडणारी. आग लागली तर १०० माणसं एकाच बाजूला धावणार. तिसरं दार उत्तरेच्या भिंतीत काढावं, बाहेर उघडणारं, निदान ४ फूट रुंद, शक्य तर एखाद्या खोट्या खिडकीच्या चौकटीतच, म्हणजे बाहेरची कमान वाचते आणि फोडायची भिंतही तिथे आधीच पातळ असते. वर मात्र २ फुटांचं छज्जेवजा कौलारू पाखं काढायला विसरू नये.